रिंगणाबाहेरची माणसं

‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व ६ ऑक्टोबर २०२४ ला संपलं. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला, अभिजीत सावंत दुसरा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोथरूडच्या आमच्या सोसायटीत या निकालावर जेवढं बोलणं झालं, तेवढं कित्येक वर्षांत कुठल्या गोष्टीवर झालं नव्हतं. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी पुरंदरकडच्या. त्यांनी रोज रात्री लेकीच्या फोनवरून सूरजला मत दिलं होतं. त्या पेढ्यांचा पुडा घेऊनच आल्या. सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्त मंडळींचं म्हणणं वेगळं. ‘हा खेळलाच कुठे? कोपऱ्यात बसून राहिला आणि सहानुभूतीवर जिंकला.’ तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी अभिजीतसाठी हळहळत होती, आणि तिची आई ठामपणे सांगत होती की खेळली फक्त निक्की तांबोळी, बाकीच्यांनी जागा अडवली.

हा वाद ऐकताना मला मनापासून बरं वाटत होतं. माणसं आपली बाजू घेऊन तावातावाने बोलताहेत, जिन्यात थांबताहेत, हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून मुद्दा पुरा करताहेत, हे पुण्यातलं जुनं दृश्य आहे आणि ते मला हवंसं वाटतं. शिवाय हा वाद मी आधीही ऐकलेला होता. कुणीतरी पणाला लागलंय, त्याने तग धरायचाय, आणि आपण कडेला उभं राहून तो खरा की खोटा, लायक की नालायक हे ठरवायचं. त्यासाठी आम्हाला टीव्ही लागत नव्हता. आमच्याकडे सायकलवाला यायचा.

ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. सत्तरचं दशक संपत आलं होतं, आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो. वर्षा-दोन वर्षांतून एखादा माणूस जवळच्या मैदानात अखंड सायकल चालवायला यायचा. सात दिवस, सात रात्री, पाय जमिनीला लावायचा नाही. फक्कीने आखलेलं रिंगण, मधोमध बांबू, त्यावर एक ट्यूबलाइट आणि कर्णा. कर्ण्यावर सकाळपासून गाणी. तो चालत्या सायकलवरच दात घासायचा, दाढी करायचा, बादलीतलं पाणी तांब्याने डोक्यावर ओतून घ्यायचा, कपडे बदलायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे लाल व्हायचे, पाय सुजायचे, हँडलवर मान टाकून तो झोपेतच गोल गोल फिरत राहायचा. मनोजकुमारच्या ‘शोर’मध्ये मुलाच्या ऑपरेशनसाठी बाप असाच सायकल चालवतो. तो चित्रपट १९७२ चा. आमच्या पेठेतल्या कितीतरी बायकांनी तो पाहिलेला होता, त्यामुळे मैदानातल्या माणसाचंही मूल आजारी असणार असं त्यांनी ठरवूनच टाकलेलं असायचं.

सायकलींचं शहर म्हणून पुणं तेव्हा ओळखलं जायचं. घरोघरी सायकल, त्यामुळे या विषयातला प्रत्येकजण जाणकार. सीट एवढी खाली घेतली तर गुडघे जातील, हवा कमी ठेवलीय ते बरोबर केलंय, वळण नेहमी एकाच बाजूचं घेतो म्हणून डावा पाय आधी दुखणार. अशी मतं मैदानाच्या कडेला उभं राहून मोठ्याने मांडली जायची आणि ती त्या माणसाला ऐकू जायची. तो कधीकधी उत्तरही द्यायचा. ‘काका, उद्या दिशा बदलतो,’ म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी खरंच उलट्या दिशेने फिरताना दिसायचा.

कौतुकही तसंच सगळ्यांसमोर. कुणी पाच रुपयांची नोट टाचणीने त्याच्या शर्टाला लावायचं, कुणी नारळ द्यायचं, कुणी हार. त्याचा साथीदार माइकवरून सांगायचा, अमुक वाड्यातल्या काकूंकडून दोन रुपये आणि एका गाण्याची फर्माईश. दोन रुपये दिलेल्या काकू पदर सावरून इकडेतिकडे बघायच्या. ज्यांनी काही दिलं नव्हतं त्यांच्याकडेही चार जण बघायचे.

आणि संशय. संशय तेव्हाही होताच, आताइतकाच. ‘रात्री दोननंतर उतरतो, जुळा भाऊ आहे त्याचा, तो चालवतो पहाटेपर्यंत.’ जुळ्या भावाची ही गोष्ट प्रत्येक सायकलवाल्याबद्दल सांगितली जायची. एका वर्षी तालमीतल्या पोरांनी पहारा द्यायचं ठरवलं. आज या टोळीने बसायचं, उद्या त्या. रात्रभर जागून, मैदानाच्या कडेला विड्या ओढत, ते त्याच्यावर नजर ठेवून बसले. पहाटे गाडीवरून चहा आणला तेव्हा त्याच्यासाठीही आणला. तिसऱ्या रात्रीपासून ते पहारा द्यायला जात नव्हते, त्याला सोबत म्हणून जात होते; झोप लागून तो कलंडला तर सावरायला. संशय असा जवळ जाऊन फिटायचा.

आम्हा मुलींना रात्री मैदानात जायला परवानगी नव्हती. आम्ही आजीबरोबर संध्याकाळी जायचो आणि बायकांच्या घोळक्यात उभ्या राहायचो. तिथलं बोलणं वेगळंच असायचं. पुरुष सायकलकडे बघत, बायका त्याच्या बायकोकडे. ती मैदानाच्या टोकाला तीन दगड मांडून स्वयंपाक करायची, एक पोर कडेवर, एक मागे. आजीचं मत पहिल्या दिवशीच झालेलं असायचं, ‘तो सात दिवसांनी उतरेल, हिला कोण उतरवणार?’ मग घरून भाकरी, पिठलं, आमच्या लहान झालेल्या परकर-पोलक्यांचं गाठोडं. त्या बाईचा शर्यतीत भाग नव्हता, तिचं नाव कर्ण्यावर कुणी घेत नव्हतं, पण बायकांच्या लेखी तीच पहिली आलेली असायची.

शेवटच्या दिवशी आणखी खेळ असायचे. छातीवर ट्यूबलाइट फोडायच्या, दाताने गाडी ओढायची, आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे खड्डा खणून त्यात स्वतःला पुरून घ्यायचं. एका वर्षी खड्डा खणून झाला होता, पोरंसोरं जमली होती, आणि वाड्यावाड्यातली वडीलधारी माणसं पुढे झाली. ‘हे नको. पैसे आम्ही तसेही देतो,’ असं त्यांनी त्या माणसाला सांगितलं. साथीदार थोडी कुरकुर करत होता. खड्डा बुजवला गेला. थाळी फिरली, तीत नेहमीपेक्षा जास्त पैसे पडले. आम्हा मुलांची निराशा झाली, ती मला अजून आठवते. पण मोठी होत गेले तसं त्या संध्याकाळचं मोल वाढतच गेलं. बघणाऱ्यांनी खेळ थांबवला होता.

मग टीव्ही आला. सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड केलेले अँटेना पेठेतल्या कौलांवर दिसू लागले. वाड्यात एका घरी टीव्ही, त्याला सरकती दारं, त्यावर विणलेलं कापड. संध्याकाळी दारं उघडली की ओसरीपर्यंत माणसं. इथेही मत बोलूनच द्यायचं होतं आणि ते ऐकायला आजूबाजूला वीस-पंचवीस जण होते. २ ऑक्टोबर १९८८ ला ‘महाभारत’ सुरू झालं तोवर घरोघरी टीव्ही आला होता, तरी रविवारी सकाळी शेजारी जाऊन बसायची सवय सुटली नव्हती. वर्षा उसगांवकर त्यात उत्तरा झाल्या होत्या. ‘गंमत जंमत’मुळे त्या सगळ्यांना माहीत होत्या, ‘ब्रह्मचारी’ नाटकामुळे पुण्यात त्यांचं वेगळंच आकर्षण होतं. अभिमन्यू गेल्यानंतरच्या भागात आमच्या मालकीणबाई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, आणि त्यांचा नातू मात्र ही नाटकात जास्त छान दिसते असं सांगत होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

दूरदर्शनला मत कळवायचं तर पत्र. ‘सुरभि’ या कार्यक्रमाला तर पोस्टकार्डांचे ढीग जात. स्पर्धेच्या उत्तरांची गर्दी एवढी झाली की टपाल खात्याने स्पर्धेसाठी वेगळं, दोन रुपयांचं पोस्टकार्ड काढलं. माझी आई पत्र लिहायची, आधी कच्चं, मग पक्कं. खाली पूर्ण नाव, घर क्रमांक, पेठ, पुणे ३०. वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रव्यवहारातही हीच रीत. काय आवडलं नाही ते आई सडेतोड लिहायची, पण कुणाचं रूप, कुणाची जात, कुणाचं बोलणं यावर तिने कधी एक शब्द लिहिला नाही. शेवटी आपलं नाव यायचंय हे लिहिणाऱ्याच्या सतत डोळ्यांसमोर असे.

नंतरची वर्षं भराभर सांगते. २००३ मध्ये ‘रोडीज’ आलं आणि फर्ग्युसन रस्त्यावर, वैशाली-रूपाली हॉटेलांत, कट्ट्याकट्ट्यावर ‘व्होट आउट’ची चर्चा सुरू झाली. स्पर्धकांनीच एकमेकांना बाहेर काढायचं, हे आमच्या पिढीला नवीन होतं. पुण्यात ऑडिशन असली की माझे भाचे पहाटेपासून रांगेत. २००५ च्या मार्चमध्ये अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला. त्या वेळी एसएमएस करायला पैसे पडत, तरी ज्यांनी आयुष्यात कधी एसएमएस केला नव्हता त्या माझ्या सासूबाईंनी नातवाकडून शिकून घेतला. २००९ च्या फेब्रुवारीत ‘लिटिल चॅम्प्स’ या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली तेव्हा तर पुणं दुभंगलं होतं. आर्या आंबेकर पुण्याची, कार्तिकी गायकवाड आळंदीची. कार्तिकी जिंकली आणि मतांनी ठरलं की गाण्याने ठरलं, यावर लग्नाच्या पंगतींमध्ये वाद झाले. सूरजबद्दल जे बोललं गेलं त्याची सुरुवात माझ्या मते इथे आहे. शहरातल्या जाणत्या श्रोत्याला वाटे की निवड आपण करायची. फोन हातात आल्यावर इंद्रायणीकाठच्या, नीरेकाठच्या घरांनीही निवड करायला सुरुवात केली.

खरी तगून राहण्याची स्पर्धा म्हणावी अशी जी जगभर गाजली, ती स्वीडनमध्ये १९९७ साली सुरू झाली आणि २००० मध्ये अमेरिकेत ‘सर्व्हायव्हर’ नावाने घराघरांत पोचली. निर्जन बेट, अपुरं अन्न, स्वतः आग पेटवायची आणि दर काही दिवसांनी एकाला घरी पाठवायचं. २०१२ साली तिची हिंदी आवृत्ती स्टार प्लसवर आली, फिलिपिन्समधल्या बेटावर चित्रित केलेली. एका पर्वातच ती थांबली. आमच्याकडे तिच्याबद्दल कुणी फारसं बोललंसुद्धा नाही. मला याचं कारण पुण्यापुरतं तरी दिसतं. दर रविवारी पहाटे सिंहगड चढणारं हे शहर आहे. त्याच २०१२ च्या मे महिन्यात ‘गिरिप्रेमी’चे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. त्यांच्यासाठी लोकांनी वर्गणी दिली होती, परतल्यावर त्यांची भाषणं ऐकायला सभागृहं भरली होती. थंडीत, उपाशीपोटी, जिवावर उदार होऊन टिकणं म्हणजे काय, हे आपल्याच शहरातली मुलं समोर बसून सांगत असताना कॅमेऱ्यांच्या घोळक्यातल्या बेटाचं नवल कोण करणार?

२०२३ च्या अखेरीस झी मराठीवर ‘जाऊ बाई गावात’ आलं, हार्दिक जोशी सूत्रसंचालक. शहरातल्या मुली वाईजवळच्या बावधन गावात राहून शेण काढणार, धारा काढणार, चुलीवर रांधणार. त्याबद्दल पोळीवाल्या मावशींचं मत मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘पोरी कामाला चांगल्या आहेत, पण आम्ही हे केलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.’ त्या कडवटपणे बोलल्या नव्हत्या. मला मैदानाच्या टोकाला स्वयंपाक करणारी ती बाई आठवली.

मराठी माणसाला खऱ्या अर्थाने धरून ठेवलं ते बिग बॉसच्या घराने. १५ एप्रिल २०१८ ला पहिलं पर्व सुरू झालं, महेश मांजरेकर सूत्रसंचालक, आणि घर होतं आपल्या लोणावळ्यात. मेघा धाडे जिंकली. पुढच्या वर्षी शिव ठाकरे, अमरावतीचा. मग विशाल निकम, अक्षय केळकर. मूळ कल्पना नेदरलँड्सची, १९९९ ची, पण इथे ती आल्यावर शनिवार-रविवारच्या झाडाझडतीला पुढे नाव पडलं ‘चावडी’. सूत्रसंचालक म्हणून रितेश देशमुख आले तेव्हा तिचा ‘भाऊचा धक्का’ झाला. माणसं आठवडाभर बघत आणि शनिवारी न्याय होतो का याची वाट पाहत. बेटावर निसर्गाशी झुंज असते. या घरात माणसांशी जुळवून घेत टिकायचं असतं, आणि एका नळावर बारा बिऱ्हाडं काढलेल्या शहराला ते लगेच कळलं. भांड्यांवरून, आंघोळीच्या क्रमावरून, चहात साखर कुणी जास्त घातली यावरून काय काय होऊ शकतं हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको होतं.

टीव्हीने माणूस जवळ आणलाच नाही असं मी म्हणणार नाही. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात पुण्याच्या तृप्ती देसाई होत्या. शनिशिंगणापूरच्या मंदिरप्रवेशाच्या आंदोलनापासून त्यांच्यावर रागावलेल्या किती तरी बायका माझ्या ओळखीत होत्या. रोज रात्री त्यांना घरात वावरताना, कुणाची समजूत काढताना, आईच्या आठवणीने गलबलताना पाहून त्याच बायका म्हणू लागल्या, ‘अगं, ही तर आपल्यासारखीच आहे.’ मतभेद राहिले, पण राग उतरला. तालमीतल्या पोरांचा संशय उतरला होता तसाच.

आणि तरीही पाचवं पर्व बघताना मी अस्वस्थ होते. उत्तरा झालेल्या त्या वर्षा उसगांवकर या घरात आल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात निक्की त्यांच्याशी ज्या तऱ्हेने बोलली ते ऐकून आमच्या पिढीचे लोक व्यथित झाले. रितेशने शनिवारी तिला खडसावलं, तेव्हा घरोघरी समाधान झालं. पण त्यानंतर फोनवर निक्कीबद्दल जे लिहिलं गेलं, तिच्या कपड्यांवरून, चारित्र्यावरून, ते वाचून मी फोन बाजूला ठेवला. ज्येष्ठ बाईचा अपमान झाला म्हणून रागावलेले लोक तरुण बाईचा त्याहून वाईट अपमान करत होते, आणि आपण न्यायाच्या बाजूने उभे आहोत असं त्यांना वाटत होतं. पुढे एका टास्कच्या झटापटीत आर्या जाधवने निक्कीला थप्पड मारली आणि तिला घराबाहेर काढलं गेलं. तेव्हा ‘बरं झालं मारली’ म्हणणाऱ्यांची संख्या बघून मला धसका बसला. आमच्या सोसायटीतलेच ओळखीचे लोक होते ते. जिन्यात भेटले की अतिशय सभ्य. जिन्यात त्यांनी ते वाक्य माझ्यासमोर उच्चारलं नसतं.

सूरजच्या बाबतीत उलट घडलं. लहानपणीच आई-वडील गेले, बहिणींच्या आधाराने वाढला, शिक्षण जेमतेम, टिकटॉकच्या व्हिडिओंवर लोकांनी आधी हसून घेतलं आणि मग प्रेम केलं. त्याचं ‘झापुक झुपूक’ शहरातल्या कानांना खटकायचं. घरात तो बराच काळ गप्प असे, डावपेच त्याला जमत नसत. फिरायला जाणाऱ्या निवृत्तांचा आक्षेप म्हणूनच अगदी निराधार नव्हता. खेळ म्हणून बघितलं तर अभिजीत, निक्की, धनंजय पोवार, अंकिता वालावलकर यांनी जास्त मेहनत केली. पण सत्तर दिवसांच्या त्या घरात ज्याला कुणाचं वाईट बोलताना क्वचितच ऐकलं, त्याला राहू द्यावं असं महाराष्ट्रातल्या लोकांना वाटलं, याचा मला आनंद झाला आणि आजही आहे. २००५ मध्ये लोकांच्या मतांनी मोठा झालेला अभिजीत त्याच्या शेजारी उभा होता आणि त्याने हा निकाल हसून स्वीकारला. माझ्या लेखी त्या रात्रीचं ते सर्वांत सुंदर दृश्य होतं.

फोनने मत द्यायची सोय नसती तर सूरज जिंकला नसता, हे मी मावशींच्या पेढ्यांची शपथ घेऊन सांगते. आमच्या पेठेतल्या मैदानात कुणाचं म्हणणं चालायचं? वाडामालकांचं, मास्तरांचं, तालमीतल्या वस्तादांचं. रिंगणाच्या दुसऱ्या अंगाला उभे असलेले हमाल, भाजीवाल्या, वखारीतले कामगार बघायला असायचे, त्यांचीही नाणी थाळीत पडायची, पण खड्डा बुजवायचा की नाही हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जुन्या पुण्यावर माझा जीव आहे म्हणून हे झाकून ठेवणं बरोबर नाही. आज मावशींचं मत आणि निवृत्त बँक व्यवस्थापकाचं मत सारखंच मोजलं जातं. हे चांगलं झालं.

मग गेलं काय? निकाल ठरवायची ताकद मिळाली, पण आतल्या माणसाचा सुजलेला पाय जवळून बघायचा राहिला. त्याला आपला चेहरा दिसत नाही, शेजाऱ्याला आपलं लिहिणं दिसत नाही. २५ एप्रिल २०२५ ला सूरजचा ‘झापुक झुपूक’ चित्रपट आला, केदार शिंदे दिग्दर्शक. मतांचा जो पूर आला होता त्या मानाने चित्रपटगृहं भरली नाहीत. आमच्या सोसायटीतून फक्त मावशी आणि त्यांची लेक जाऊन आल्या. तोवर बाकीच्यांचं बोलणं दुसऱ्या विषयाकडे वळलं होतं. सायकलवाला गाव सोडून जाताना आमची आजी त्याच्या बायकोला पुढच्या मुक्कामाचं विचारायची, तिथे आपलं कुणी नात्यातलं आहे का ते सांगायची. तेवढी गुंतवणूक आता राहिली नाही.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे बघणाऱ्याच्या हातातला थांबवण्याचा हक्क गेला. पहिल्या पर्वात ‘खुर्ची सम्राट’ नावाचा टास्क होता. एका गटाने खुर्चीवर बसून राहायचं, दुसऱ्याने नाना तऱ्हेने छळून त्यांना उठवायचं. तो बघताना माझ्या सासूबाई टीव्हीकडे हात करून म्हणाल्या होत्या, ‘पुरे करा रे आता.’ ऐकणारं तिथे कुणी नव्हतं. आपल्याला विचारतात ते एवढंच की कोण राहावं. अमुक गोष्ट माणसाकडून करून घेऊ नये, असं वाटणाऱ्या लाखो लोकांना ते सांगायला जागाच ठेवलेली नाही. चॅनेल बंद करणं एवढाच उपाय, आणि तो केला तर उरलेलं चांगलं बघणंही संपतं.

म्हणून वाहिनीच्या लोकांना माझं मनापासून सांगणं आहे. मत देण्याच्या पानावर स्पर्धकांच्या फोटोंखाली आणखी एक ओळ घाला. हा टास्क इथेच थांबवावा का, असं विचारा. चोवीस तास कॅमेरे चालू असतात, मतं मिनिटांत मोजता येतात, तेव्हा हे अवघड नाही. बहुसंख्य ‘हो’ म्हणाले तर थांबवा, आणि ठरलेली बक्षिसाची रक्कम कमी करू नका.